कन्फर्म तिकीट असून विमानात घेतलं नाही तर काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

एअरपोर्टवरून फोन येतो, "अगं तिकीट कन्फर्म आहे, वेळेत आलोय, आणि हे लोक म्हणतायत सीट नाही", तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी आधीच बिघडलेलं असतं. कुणी रागाच्या भरात अ‍ॅपमधून तिकीट कॅन्सल करून बसलेलं असतं, कुणी कसल्यातरी फॉर्मवर सही केलेली असते, कुणी स्वतःच्या खिशातून दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढून मोकळं झालेलं असतं. मग घरी येऊन भरपाई मागितली की उत्तर येतं, आमच्या रेकॉर्डप्रमाणे तुम्ही वेळेत आलाच नाहीत, नाहीतर तुम्ही स्वतःहून सीट सोडलीत.

सगळी भानगड ह्या रेकॉर्डची आहे. तुमच्या पीएनआरसमोर (बुकिंग नंबरसमोर) 'डिनाइड बोर्डिंग' (कंपनीने विमानात घेतलं नाही) पडलं की 'नो शो' (प्रवासी आलाच नाही), ह्यावर पैसे मिळणार की नाही ते ठरतं, आणि ते काउंटरवरच्या पहिल्या अर्ध्या तासातच ठरून जातं. म्हणून खालचे टप्पे क्रमानेच करा, मधला एक जरी गाळला तरी पुढचे लंगडे पडतात.

## नियम, तोंडपाठ व्हावा इतपत

भारतातून उडणाऱ्या फ्लाइट्ससाठी डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेचा नियम आहे, सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स, सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४. एवढं नाव मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा, काउंटरवर "पार्ट ४ प्रमाणे" असं म्हटलं की समोरच्याला कळतं की ह्यांना माहितीये.

ह्या नियमात ओव्हरबुकिंगला बंदी नाही हे आधी समजून घ्या. थोड्या प्रमाणात जास्तीची तिकिटं विकलेली चालतात कारण काही लोक येतच नाहीत असा हिशोब असतो. त्यामुळे "हे बेकायदेशीर आहे" म्हणून अर्धा तास भांडण्यात अर्थ नाही, तो अर्धा तास फुकट जातो. बंधन आहे ते पुढच्या गोष्टींचं. सगळे प्रवासी आले आणि सीट कमी पडल्या तर कंपनीने आधी विचारायचं की कुणी काहीतरी मोबदला घेऊन स्वखुशीने सीट सोडतंय का. कुणीच तयार नसेल आणि मग तुम्हाला तुमच्या मर्जीविरुद्ध थांबवलं, तर हिशोब असा:

- कंपनीने दिलेली दुसरी फ्लाइट तुमच्या मूळ वेळेपासून १ तासाच्या आत सुटणारी असेल तर भरपाई नाही.
- १ तासानंतर पण २४ तासांच्या आत सुटणारी असेल तर एका बाजूच्या बेसिक फेअर आणि फ्युएल चार्जच्या बेरजेच्या २०० टक्के, जास्तीत जास्त १०,००० रुपये.
- २४ तासांच्याही पुढची असेल तर त्याच बेरजेच्या ४०० टक्के, जास्तीत जास्त २०,००० रुपये.
- तुम्ही दुसरी फ्लाइट नकोच म्हणालात तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, आणि वर ४०० टक्के, जास्तीत जास्त २०,००० रुपये.

शेवटचा मुद्दा लोकांना माहीतच नसतो आणि काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही.

सावधान: हे ओव्हरबुकिंगमुळे थांबवलं त्याबद्दल आहे. आयडीवरचं नाव जुळत नाही, व्हिसा नाही, दारू पिऊन आलाय, उशीर झालाय, ह्या कारणांनी अडवलं तर हा नियम लागू नाही. म्हणून तर कंपनीला 'उशिरा आले' हे कारण सोयीचं पडतं, आणि म्हणून तिसरा टप्पा इतका महत्त्वाचा आहे.

## १. तिकीट काढतानाच

एजंटकडून किंवा ट्रॅव्हल साइटवरून तिकीट काढताना मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच टाकायला लावा. एजंट सवयीने स्वतःचा नंबर टाकतो, मग फ्लाइट बदलल्याचा मेसेज त्याला जातो आणि तुम्ही इकडे निवांत. फ्लाइट रद्द झाल्याच्या प्रकरणात तर संपर्काची नीट माहिती दिलेली नव्हती ह्या कारणावर भरपाई नाकारता येते.

तिकिटाच्या पीडीएफमध्ये बेसिक फेअर, फ्युएल चार्ज, टॅक्स, यूडीएफ (एअरपोर्ट वापरायचं शुल्क) असं वेगवेगळं दाखवलेलं पान असतं, ते सेव्ह करा. काही साइट्स फक्त एकूण आकडा दाखवतात, तेव्हा एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकून इनव्हॉइस काढून घ्या. भरपाई एकूण रकमेवर मोजत नाहीत, त्यामुळे हा तुकडा हाताशी नसला तर समोरचा सांगेल तो आकडा मान्य करायची वेळ येते.

पुढे कनेक्टिंग असेल तर एकाच पीएनआरवर काढा. नागपूर–मुंबई एका तिकिटावर आणि मुंबई–दुबई दुसऱ्या, असं केलं आणि पहिल्यात सीट मिळाली नाही तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही सरळ गैरहजर.

आणि मुंबईकरांनो, तिकिटावर एअरपोर्टचा कोड नीट वाचा. बीओएम म्हणजे आपलं सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. बीओएममध्येही टी-१ की टी-२ ते वेगळं. मेट्रो ३ ला टी-१ आणि टी-२ अशी दोन वेगळी स्टेशनं आहेत, घाईत चुकीच्या ठिकाणी उतरलात की चेक-इनची वेळ तिथेच हातातून गेली, आणि मग कंपनीची काही चूक उरत नाही.

## २. आदल्या दोन दिवसांत

वेब चेक-इन उघडल्या उघडल्या करा. बहुतेक डोमेस्टिक कंपन्यांचं ४८ तास आधी उघडतं. सीटचे जादा पैसे मागतात म्हणून खूप लोक हे टाळतात आणि "काउंटरवर बघू" म्हणतात, तर तसं करू नका. पैसे न भरता पुढे जायचा पर्याय बारीक अक्षरात कुठेतरी असतो, सिस्टीम देईल ती मधली सीट घ्या पण सीट नंबर पडू दे. लोकलमध्ये सरकून चौथी सीट करता येते, विमानात येत नाही, सीट कमी पडल्या की सगळ्यात आधी अडकतो तो ज्याच्या नावासमोर सीट नंबर नाही.

तपासा: बोर्डिंग पासवर सीटच्या जागी १४सी, २२ए असं काही आहे ना? तिथे रिकामं असेल, एसबीवाय असेल किंवा सीट गेटवर मिळेल असं लिहिलं असेल तर तुम्ही स्टँडबायमध्ये असण्याची शक्यता आहे. लगेच कस्टमर केअरला फोन करा, आणि एअरपोर्टला नेहमीपेक्षा तासभर लवकर जा.

बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट गॅलरीत ठेवा, फक्त अ‍ॅपमध्ये नको. सीट काढून घेतली की अ‍ॅपमधला पास बदलतो नाहीतर गायबच होतो, आणि तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

## ३. वेळेत पोचल्याचा पुरावा

बहुतेक डोमेस्टिक कंपन्या चेक-इन काउंटर ६० मिनिटं आधी आणि बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी बंद करतात. तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते बघा, तेच धरलं जातं. आणि लक्षात घ्या, टर्मिनलच्या दारात वेळेत पोचणं पुरत नाही, काउंटरवर आणि नंतर गेटवर वेळेत असावं लागतं.

म्हणून आत शिरल्यावर दोन फोटो काढायची सवय लावा. एक, काउंटरवरचा बोर्ड दिसेल असा, ज्यात फ्लाइट नंबर आणि जमल्यास घड्याळ आहे. दुसरा, तुम्ही उभे आहात ती रांग. उबर-ओलाची पावती, पार्किंगची स्लिप, मेट्रोचं तिकीट, बॅग टॅग, सगळं ठेवा. रांग मोठी असेल आणि वेळ भरत आली असेल तर रांगेत मुकाट्याने उभं राहू नका, पुढे जाऊन स्टाफला सांगा की माझी अमुक फ्लाइट आहे, काउंटर बंद व्हायच्या आधी मी आलोय. हे बोललात ती वेळ लिहून ठेवा.

सावधान: सिक्युरिटी चेकच्या जागेचे, सीआयएसएफच्या जवानांचे व्हिडिओ काढू नका. पुणे एअरपोर्ट तर हवाई दलाचं आहे, तिथे कॅमेरा काढताना जास्तच जपा. काउंटरवरचा बोर्ड आणि तुमचे स्वतःचे कागद एवढंच पुरे.

## ४. "सीट नाही" म्हटल्यावर पहिली दहा मिनिटं

खरी गडबड इथे होते, म्हणून सावकाश वाचा.

आधी काय करायचं नाही ते. अ‍ॅपमधून तिकीट कॅन्सल करायचं नाही, रीशेड्यूल करायचं नाही, कंपनीने पाठवलेल्या लिंकवर जाऊन नवीन वेळ स्वतः निवडायची नाही. ह्यातलं काहीही तुमच्या बोटाने झालं की सिस्टीममध्ये ते प्रवाशाने स्वतः केलेलं म्हणून पडतं, आणि भरपाई तर सोडाच, तिकिटाचे पूर्ण पैसेसुद्धा अडकू शकतात. दुसऱ्या कंपनीचं तिकीटही इतक्यात काढू नका. पोचणं अगदीच टळत नसेल, हॉस्पिटलचं प्रकरण आहे, परीक्षा आहे, तर काढा, पण पाचवा टप्पा उरकून मगच.

काउंटरवरून हलूही नका. "तुम्ही तिकडे बाजूला बसा, आम्ही बोलावतो" असं हमखास सांगतात. घरच्या मोठ्या माणसांना बसवा, तुम्ही तिथेच थांबा. बाजूला बसलेल्या माणसाचं नाव गेटवर दोनदा पुकारून नो शो टाकून दिलं असं व्हायला नको.

आता बोलायचं काय, तर आवाज न चढवता हे प्रश्न ह्याच क्रमाने:

"माझं तिकीट कन्फर्म आहे आणि मी वेळेत आलोय, हे तुमच्या सिस्टीममध्ये दिसतंय ना?"

"मला कुठल्या कारणाने थांबवताय? ओव्हरबुकिंग, विमान बदललं, की आणखी काही?"

"स्वखुशीने कुणी थांबतंय का हे तुम्ही विचारलंत का? कधी विचारलंत?"

"ड्युटी मॅनेजरना बोलवा."

विमान बदललं हे उत्तर खूप वेळा येतं. मोठ्याच्या जागी छोटं आलं, किंवा काही सीटा नादुरुस्त आहेत. ते खरंही असू शकतं, पण तेवढ्याने भरपाई आपोआप माफ होते असं समजू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळुरू–पुणे फ्लाइटला नादुरुस्त सीटांच्या कारणावरून सात प्रवाशांना घेतलं नाही, त्या प्रकरणात डीजीसीएने आकासा एअरला १० लाखांचा दंड केला. त्याआधी जून २०२२ मध्ये एअर इंडियालाही डिनाइड बोर्डिंगची भरपाई नीट न दिल्याबद्दल १० लाखांचाच दंड झाला होता. काउंटरवरच्या मुलाला हे ऐकवून उपयोग नाही, ड्युटी मॅनेजरला शांतपणे सांगितलं तर होतो.

बरोबर लहान मूल, म्हातारं माणूस, व्हीलचेअरवालं कुणी, औषधाची वेळ असलेलं कुणी असेल तर ते आत्ताच आणि स्पष्ट सांगा. पाणी मागा, बसायला मागा. तासन्तास उभं ठेवणं, विचारलं तर उत्तर न देता काउंटर सोडून निघून जाणं, सगळ्यांसमोर "ओरडू नका हां" म्हणून दमात घेणं, हे प्रकार सर्रास होतात आणि ते सहन करायची गरज नाही. नावाच्या बिल्ल्यावरचं नाव आणि वेळ टिपून ठेवा, ग्राहक आयोगात मानसिक त्रासाची मागणी करताना हेच कामाला येतं.

सावधान: आवाज चढवणं, काउंटरवर हात आपटणं, गेट अडवणं, स्टाफला हात लावणं, एकही गोष्ट करू नका. २०१७ पासून बेशिस्त प्रवाशांसाठी वेगळा नियम आहे. त्यात तोंडाने त्रास दिला तर ३ महिन्यांपर्यंत, अंगावर गेलं तर ६ महिन्यांपर्यंत, आणि जिवाला धोका होईल असं काही केलं तर किमान २ वर्षं उडायला बंदी येऊ शकते. तुमच्यावर एकदा हा शिक्का बसला की मूळ प्रश्न ओव्हरबुकिंगचा होता हे सगळे विसरतात, आणि सीआयएसएफला बोलावून तुम्हाला बाहेर काढलं तर तक्रार तुमची राहतच नाही. राग येणारच, पण तो ईमेलमध्ये काढा.

## ५. लेखी घ्या, आणि सही करायच्या आधी वाचा

ड्युटी मॅनेजर आले की मागायचं ते एकच: 'ह्या प्रवाशाला डिनाइड बोर्डिंग केलं आहे' असं कंपनीच्या लेटरहेडवर किंवा ईमेलवर, कारण, फ्लाइट नंबर, तारीख आणि वेळ टाकून. नाही म्हणतील. "आमच्याकडे असा फॉर्मॅट नाही" म्हणतील. मग तिथेच उभं राहून कंपनीच्या कस्टमर केअरच्या पत्त्यावर स्वतः ईमेल पाठवा, आणि पाठवलेला ईमेल त्यांना स्क्रीनवर दाखवा. मजकूर साधा ठेवा:

"माझा पीएनआर अमुक. आज तारीख अमुक, फ्लाइट अमुक, सुटायची वेळ अमुक. मी अमुक वाजता चेक-इन काउंटरवर हजर झालो. माझं तिकीट कन्फर्म आहे. अमुक वाजता मला सीट नाही म्हणून विमानात घ्यायला नकार देण्यात आला. कारण असं सांगण्यात आलं: अमुक. मी सीट स्वखुशीने सोडलेली नाही. कृपया माझी नोंद डिनाइड बोर्डिंग अशी करावी आणि पार्ट ४ प्रमाणे पर्याय व भरपाई द्यावी."

"स्वखुशीने सोडलेली नाही" हे वाक्य गाळू नका. माझी आतेबहीण तिच्या सासूबाईंना घेऊन नागपूरला लग्नाला निघाली होती, दोघींना थांबवलं, तासाभराने एक मुलगा खायची कूपनं घेऊन आला आणि म्हणाला इथे सही करा. अर्ध्या ए-फोरचा छापील कागद, वर पीएनआर पेनाने लिहिलेला, खाली इंग्रजीत बारीक अक्षरात 'प्रवासी स्वेच्छेने जागा सोडत आहे' अशा अर्थाची ओळ, आणि त्या ओळीसमोरच्या चौकोनात टिक आधीच केलेली. तिला वाटलं कूपन मिळाल्याची पोच आहे. एक सँडविच आणि एक ज्यूस, त्यावर दोघींची भरपाई गेली, कारण पुढे मागणी केली तेव्हा ह्याच कागदाचा स्कॅन जोडून उत्तर आलं.

म्हणून कुठलाही कागद आला तर आधी त्याचा फोटो, मग वाचन, मग सही. वाचायला वेळ देत नसतील तर सही नाही. खाणं घ्यायला सही लागत असेल तर सहीच्या वर पेनाने लिहा: 'फक्त खाण्याचं कूपन मिळालं, भरपाईचा हक्क राखून'. टिक चुकीची असेल तर खोडून शेजारी छोटी सही करा आणि पुन्हा फोटो काढा.

आणि तुम्हाला खरंच घाई नसेल, स्वखुशीने थांबायला हरकत नसेल, तर जरूर थांबा, पण तो सौदा आहे हे समजून करा. मग वरचे २०० आणि ४०० टक्के लागू होत नाहीत, जे ठरेल तेवढंच मिळतं. रोख की व्हाउचर, व्हाउचर किती दिवस चालणार, पुढच्या फ्लाइटमध्ये सीट नंबरसकट कन्फर्म आहे ना, हे सगळं लेखी घेऊन मगच हो म्हणा.

तपासा: पुढे जायच्या आधी तुमच्याकडे ह्या तीन गोष्टी आहेत ना? नकार दिल्याची वेळ आणि कारण असलेला ईमेल, त्यांचं पत्र किंवा ड्युटी मॅनेजरचं नाव, आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो.

## ६. पर्याय निवडा आणि आकडा स्वतः काढा

दोनच पर्याय असतात, दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत. दोन्हीबरोबर भरपाई वेगळी. "रिफंड दिला ना, मग भरपाई कसली" हे चुकीचं आहे, ऐकून घेऊ नका.

उदाहरण धरू. मुंबई–गोवा, संध्याकाळी ६:१० ची फ्लाइट. बेसिक फेअर ४,२०० आणि फ्युएल चार्ज ६००, म्हणजे ४,८००. त्यांनी ७:०० ची दुसरी फ्लाइट दिली तर भरपाई शून्य. रात्री ९:३० ची दिली तर २०० टक्के, म्हणजे ९,६००. दुसऱ्या दिवशी रात्री ८ ची दिली तर २४ तास उलटले, ४०० टक्के, १९,२००. फ्लाइट नकोच म्हणालात तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर १९,२००. बेसिक आणि फ्युएल मिळून ७,००० असते तर २०० टक्के १४,००० होतात पण मिळणार १०,०००च, कारण वरची मर्यादा.

परतीचं तिकीट एकत्र काढलं असेल तरी फक्त ह्या बाजूचं धरायचं. आणि हे प्रत्येक प्रवाशामागे आहे, चौघांना थांबवलं तर चौघांची वेगळी. कुटुंबातल्या दोघांनाच घेतलं आणि दोघं राहिले तर पीएनआर स्प्लिट करायला सांगा, एकत्र ठेवला तर राहिलेल्यांच्या नोंदीचा घोळ गेलेल्यांच्या परतीच्या तिकिटाला लागू शकतो.

परतीचं तिकीट हाही एक सापळाच. एका पीएनआरवर जाणं-येणं असेल आणि जाताना नो शो पडलं तर बऱ्याच कंपन्या परतीचा प्रवास आपोआप रद्द करतात. काउंटर सोडायच्या आधी विचारा, "माझं रिटर्न चालू आहे ना?", आणि फोनवर पीएनआर उघडून डोळ्यांनी बघा.

पैसे बँक खात्यातच मागा. व्हाउचर पटत असेल तरच घ्या, त्याला मुदत असते आणि अटी असतात. रात्र काढायची वेळ आली तर हॉटेल आणि जाण्यायेण्याची सोय मागा, नाही दिली तर स्वतःच्या खर्चाची बिलं नावावर घेऊन ठेवा.

वरच्या क्लासचं तिकीट असून खालच्या क्लासमध्ये बसवलं तर तो प्रकार वेगळा. फेब्रुवारी २०२३ पासून डोमेस्टिकला टॅक्ससकट तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते, इंटरनॅशनलला अंतराप्रमाणे ३०, ५० किंवा ७५ टक्के.

## ७. टर्मिनलमधून बाहेर पडताना

सिक्युरिटी झाल्यावर थांबवलं असेल तर एकटे बाहेर येऊ नका, येऊ देणारही नाहीत. स्टाफला बरोबर घ्या. इंटरनॅशनल असेल तर इमिग्रेशनचा शिक्का रद्द करून घ्यावाच लागतो. चेक-इन केलेली बॅग ऑफलोड झाली का विचारा, टॅग नंबर दाखवा आणि बॅग हातात आल्याशिवाय निघू नका. बोर्डिंग पास परत मागितला तर द्यायच्या आधी दोन्ही बाजूंचा फोटो.

## ८. घरी आल्यावर तक्रार, पायरी पायरीने

पहिली तक्रार एअरलाइनकडे. प्रत्येक कंपनीच्या साइटवर नोडल ऑफिसर (तक्रार बघणारा अधिकारी) आणि अपिलेट अथॉरिटी (त्याच्या वरचा, अपील ऐकणारा) अशी दोन नावं असतात, आधी नोडलला, उत्तर नाही किंवा पटलं नाही तर अपिलेटला. ईमेल छोटा, तारखेनुसार, शेवटी आकडा आणि बँक खात्याचा तपशील. पाच पानं भावना लिहू नका, वाचणारा पहिला परिच्छेद वाचतो.

एजंटमार्फत तिकीट असलं तरी रिफंडची जबाबदारी एअरलाइनचीच. "एजंटला विचारा" म्हणून टोलवलं तर हेच वाक्य लिहून परत पाठवा.

त्याच्या जोडीने नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर तक्रार टाका. तिथे लोक एक चूक करतात, ट्वीट करतात आणि तेवढ्यावर थांबतात. ट्वीटला "डीएम करा" असं उत्तर येतं आणि विषय तिथेच विरतो. तक्रार नंबर मिळेल अशाच ठिकाणी तक्रार करा. एअरसेवावर कंपनीने उत्तर देऊन तक्रार बंद केली आणि तुम्हाला पटलं नसेल तर कारण लिहून परत उघडा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं. समजावून हवं असेल तर विलेपार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत आहे, १९७५ पासून ग्राहकांचंच काम करते.

डीजीसीएला लिहिलंत तर चांगलंच, पण अपेक्षा योग्य ठेवा. डीजीसीए कंपनीला दंड करतं, तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या खात्यात येत नाही. तुमच्या पैशाचा निकाल हवा असेल तर नववा टप्पा, ग्राहक आयोग.

## परदेशी कंपनी असेल तर

युरोपियन युनियनमधल्या एअरपोर्टवरून सुटणारी कुठलीही फ्लाइट, किंवा युरोपियन कंपनीने तिकडे जाणारी फ्लाइट, ह्यांना त्यांचा भरपाईचा २६१ नंबरचा नियम लागतो. मुंबईहून फ्रँकफर्ट, पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम हे अंतर ३,५०० किलोमीटरच्या वर आहे, तिथे प्रत्येकी ६०० युरोंचा दर आहे. म्हणजे मुंबई–फ्रँकफर्ट लुफ्तान्साने गेलात तर तो नियम, एअर इंडियाने गेलात तर जाताना आपला आणि येताना त्यांचा. ब्रिटनचा नियम असाच, एवढ्या अंतराला ५२० पौंड. अमेरिकेचा नियम अमेरिकेतून सुटणाऱ्या फ्लाइटला आहे, २०२५ पासून तिथली भरपाईची मर्यादा उशिराप्रमाणे १,०७५ आणि २,१५० डॉलर. काउंटरवर भारतीय नियमाचे १०,००० घेऊन "पूर्ण आणि अंतिम" वर सही करायच्या आधी कुठला नियम लागतो ते बघा.

## ९. ग्राहक आयोग

दोन वर्षांची मुदत आहे, घटनेच्या तारखेपासून. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, त्यामुळे दिल्लीत थांबवलं असलं तरी बोरिवलीकराला दिल्लीला जावं लागत नाही, वांद्र्याला चेतना कॉलेजजवळच्या मुंबई उपनगर जिल्हा आयोगात चालतं. भरलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. अर्ज ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर करता येतो.

आधी कंपनीला नोटीस पाठवा, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही, १५ दिवसांची मुदत देऊन. मग अर्जात मागण्या वेगवेगळ्या लिहा: नियमाप्रमाणे भरपाई, बिलांसकट झालेला खर्च, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च. नियमाची भरपाई आणि त्रासाची भरपाई एका आकड्यात मिसळली की कशासाठी किती मागितलंय ते आयोगालाही कळत नाही. त्रासाचा आकडा फुगवू नका, दहा लाख मागून अर्ज हलका होतो.

जोडायचे कागद: तिकीट आणि फेअरचा तुकडा, बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट, वेळेचे फोटो, काउंटरवरून पाठवलेला ईमेल, सह्या केलेले कागद, बिलं, नोडल-अपिलेट-एअरसेवाची सगळी उत्तरं. पानांना नंबर टाका आणि एक अनुक्रमणिका लावा.

मध्येच कंपनीकडून तडजोडीचा फोन येतो, बऱ्याचदा सुनावणीच्या आदल्या आठवड्यात. रक्कम पटली तर घ्या, पण पैसे खात्यात आल्यावरच अर्ज मागे घ्या. निकाल तुमच्या बाजूने लागला तर कंपनीला राज्य आयोगात अपील करायला ४५ दिवस असतात आणि अपील करताना निम्मी रक्कम भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत असं झालं तर त्याच जिल्हा आयोगात वसुलीचा अर्ज करा, सोबत आदेशाची सर्टिफाइड कॉपी आणि बँकेचा रद्द केलेला चेक जोडा.